आईचा हर-टू '२+' आला आहे. हे आनुवंशिक असतं का?

नमस्कार. आम्ही यावल तालुक्यातले, घरी केळीची शेती. आई ४६ वर्षांची. डाव्या स्तनात गाठ निघाली, बायोप्सी झाली. परवा जळगावहून आयएचसीचा, म्हणजे गाठीतली प्रथिनं रंगवून बघतात त्या तपासणीचा रिपोर्ट आणला: ईआर, पीआर (हार्मोन पकडणारी प्रथिनं) निगेटिव्ह आणि हर-टू हे प्रथिन '२+'. डॉक्टर म्हणाले, यावरून धड हो म्हणता येत नाही, धड नाही म्हणता येत नाही, फिश टेस्ट, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजायची तपासणी लागेल. गाठीचा तुकडा मेणात बसवलेला तो ब्लॉक, काडेपेटीहूनही लहान, घेऊन भाऊ उद्या सकाळी भुसावळहून मुंबईची गाडी धरतोय.

वाचून मला कळलं ते असं. हर-टू प्रथिनाचं जनुक १७ व्या गुणसूत्रावर असतं, पेशीत त्याच्या दोन प्रती. काही गाठींत तेवढाच तुकडा वाढत जाऊन प्रती दहा-वीस होतात, प्रथिनही तसंच वाढतं आणि पेशीला वाढत राहण्याचा निरोप देत राहतं.

पण घराण्यातून येणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेलं बीआरसीए-१ हे जनुकसुद्धा १७ वरच आहे ना? आईच्या मावशीलाही स्तनाचाच कॅन्सर होता. धाकट्या बहिणीची सोयरीक जमत आलीय आणि घरी येणारा प्रत्येक जण "यांच्या रक्तातच आहे" म्हणतो. आई ते ऐकते आणि ताट सरकवून उठते. हर-टू पोरींकडे जातं का? आणि अख्खं गुणसूत्रच जास्त असेल, तर फिशमध्ये ते वेगळं ओळखू येतं का?

उत्तर:

ताई, मी धुळ्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. आधी आईला सांगा: हर-टूच्या प्रती फक्त गाठीतल्या पेशींत वाढतात, त्याही नंतर. त्या आईबापाकडून येत नाहीत, पोरींकडे जात नाहीत.

बीआरसीए त्याच गुणसूत्रावर असलं तरी वेगळं जनुक आहे. त्यात घराण्यातून आलेला दोष असेल तर तो जन्मापासून अंगभर असतो, म्हणून रक्तातून तपासतात. आई पन्नाशीच्या आतली आणि मावशीचाही इतिहास, तेव्हा त्या तपासणीचं डॉक्टरांना नक्की विचारा. सोयऱ्यांच्या बोलण्यावर जाऊ नका.

फिशमध्ये जनुकाचे लाल ठिपके दिसतात आणि १७ व्या गुणसूत्राच्या मध्याचे हिरवे. दोन्ही सारखेच वाढले, तर गुणसूत्रच जास्त. नुसते लाल वाढून हिरव्यांच्या दुप्पट किंवा वर गेले, तर साधारणपणे पॉझिटिव्ह धरतात. तसं आलं तर घाबरू नका, ट्रास्टुझुमॅब हे औषध त्याच प्रथिनावर काम करतं. ते सुरू करण्याआधी हृदयाची टूडी इको करतात.

भावाला सांगा, ब्लॉक खिडकीच्या उन्हात ठेवू नको, मेण मऊ पडतं.