डोके अचानक कलले, तोल गेला: १३ वर्षांच्या बंड्यासाठी किती दिवस थांबावे?

ओसरी यांचा प्रश्न:

नमस्कार. आमचा कुत्रा बंड्या १३ वर्षांचा आहे. परवा रात्रीपर्यंत तो अगदी नेहमीसारखा होता. उठताना मागचे पाय आखडतात आणि हाक दोनदा मारावी लागते, वयाच्या म्हणाव्यात अशा खुणा एवढ्याच. काल पहाटे साडेचारच्या सुमारास धडपडल्याचा आवाज आला म्हणून मी उठले, तर तो भिंतीला अंग घासत डावीकडे गोल गोल फिरत होता आणि मी जवळ जाताच चारही पाय फाकून खाली कोसळला. डोके इतके कलले होते की डावा कान जवळजवळ जमिनीकडे झाला होता. मला खरी भीती वाटली ती त्याच्या डोळ्यांची. दोन्ही बुबुळे हळूच डावीकडे सरकत आणि झटक्याने उजवीकडे परत येत, आणि हे एका लयीत अखंड चाललेले. त्याचे तोंड हातात धरून हाक मारली तेव्हा शेपटी किंचित हलली, पण नजर माझ्यावर ठरेना. त्यानंतर दोनदा उलटी झाली.

रात्री उघड्या असणाऱ्या एका दवाखान्यात आम्ही त्याला चादरीत उचलून नेले. तिथल्या डॉक्टरांनी पाच मिनिटे पाहून हा मेंदूचा पक्षाघात असल्याचे सांगितले, स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले आणि वय पाहता त्याला कायमचे झोपवण्याचा विचार करावा, असेही त्याच दमात सुचवले. सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मात्र त्याचे पाय, पापण्या आणि कान बराच वेळ तपासले. म्हाताऱ्या कुत्र्यांना अचानक होणारा तोलाचा आजार असण्याची शक्यता त्यांना अधिक वाटते. उलटी थांबवणारे इंजेक्शन आणि सलाईन देऊन किमान ७२ तास वाट पाहू, असे त्यांचे म्हणणे आहे.

बाबांच्या मते लकवा झालेल्या जीवाला ताटकळत ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मला थांबायचे आहे. पण हे थांबणे त्याच्यासाठी आहे की माझ्यासाठी, हे रात्रभर त्याच्या शेजारी बसूनही मला उमगले नाही. ज्यांनी असे काही पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे, की हे दिवस कसे काढावेत, त्याला खायला-प्यायला कसे द्यावे, आणि थांबणे चुकत आहे हे कशावरून ओळखावे.

पायरव यांचे उत्तर:

तुमचे वर्णन वाचताना आमच्या सोनीची ती सकाळ जशीच्या तशी समोर आली. ती तेव्हा साडेबारा वर्षांची होती आणि तिचेही डोळे असेच धावत होते. ती त्यातून उठली आणि पुढे दोन वर्षे जगली. बंड्याचेही तसेच होईल असे मी म्हणू शकत नाही, म्हणून फक्त हाताशी आलेल्या गोष्टी सांगते.

सर्वप्रथम त्याला पलंग, सोफा आणि जिना यांपासून दूर, जमिनीवरच ठेवा. गुळगुळीत फरशीवर रबरी किंवा योगासनांची चटई अंथरा आणि दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या गोधड्यांचा आधार द्या. त्याला आतून सगळे घर फिरत असल्यासारखे वाटत असते, त्यामुळे शरीराला काहीतरी घट्ट टेकलेले असले की त्याची तडफड कमी होते. उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या मांड्यांखाली घालून अंगाशी घट्ट धरा आणि सावकाश उठा. आम्ही पहिल्या दिवशी सोनीला पटकन उचलले, तेव्हा तिने हवेतच पाय मारायला सुरुवात केली आणि माझ्या दंडावर ओरखडे उमटले. झोपल्या जागी एका कुशीवरून थेट दुसऱ्या कुशीवर उलटवू नका. आधी पोटावर बसते करा, क्षणभर थांबा आणि मग हळूच कूस बदला. एवढ्या एका बदलाने तिचे घाबरून ओरडणे थांबले.

रात्री मंद दिवा चालू ठेवा. कानातल्या तोलाने दगा दिला की डोळे हाच आधार उरतो, आणि अंधारात तोही जातो. सोनी रात्री विव्हळायची ते दुखण्याने असावे असे आम्ही धरून चाललो होतो, पण दिवा लावल्यावर ती शांत झाली.

खाणे हाताने भरवा, तेही तो पोटावर बसलेला आणि डोके तुमच्या तळहाताने सरळ धरलेले असतानाच. तोल गेलेल्या कुत्र्याला भूक असते, पण भांडे नेमके कुठे आहे तिथे तोंड पोहोचत नाही. त्यामुळे ‘अन्न सोडले’ असा निष्कर्ष घाईने काढू नका. पाणी उथळ भांड्यात, छातीच्या उंचीवर धरून द्या. आडव्या पडलेल्या कुत्र्याच्या तोंडात सिरिंजने पाणी सोडू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. लघवीसाठी दर चार तासांनी पोटाखालून टॉवेलची झोळी करून उभे करा. आमच्याकडे हे काम दोघांचे होते: एकाने झोळी धरायची आणि दुसऱ्याने डोके.

शेवटची गोष्ट म्हणजे वही. सोनीचे डोळे ३० सेकंदांत किती वेळा झटका देतात ते मी दिवसातून तीनदा मोजून लिहीत असे. पहिल्या दिवशी ४४, तिसऱ्या दिवशी २०, पाचव्या दिवशी शून्य. डोके मात्र शेवटपर्यंत थोडे कललेलेच राहिले, आणि अनोळखी माणसांना ती फार कुतूहलाने ऐकते आहे असे वाटायचे.

श्वानवैद्य यांचे उत्तर:

मी पशुवैद्य आहे. पण न तपासता निदान करणे योग्य नाही, म्हणून फक्त विचाराची दिशा सांगतो.

तोल सांभाळणारी यंत्रणा दोन ठिकाणी असते. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि तिथून निघणारी आठवी मज्जातंतू हा तिचा बाहेरचा भाग, तर मस्तिष्कस्तंभ (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठासारखा भाग) आणि लहान मेंदू हा आतला भाग. बाहेरच्या भागात बिघाड झाला तर लक्षणे भयंकर दिसतात, पण आजार बहुधा जिवावरचा नसतो. आतल्या भागातील बिघाड कधी कधी दिसायला सौम्य असतो आणि तरीही गंभीर ठरतो. म्हणूनच पहिल्या नजरेला किती वाईट दिसते, यावरून निर्णय घेणे मला पटत नाही. तुमच्या डॉक्टरांनी पाय का तपासले, हे यावरून लक्षात येईल. पंजा उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवली की निरोगी कुत्रा तो तत्क्षणी सरळ करतो. त्यात ठळक उशीर होत असेल तर संशय मेंदूकडे जातो. डोळे आडवे न धावता वर-खाली धावणे, डोक्याची स्थिती बदलताच त्यांची दिशा बदलणे, ग्लानी वाढणे किंवा गिळता न येणे यांचाही रोख तिकडेच असतो. डोके ज्या बाजूला कलते तिकडे संथ सरक आणि विरुद्ध बाजूला झटका, हे तुमचे वर्णन बाहेरच्या भागाच्या बिघाडाशी जुळते. मात्र एवढ्यावरून मेंदू निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही.

कारण न सापडणारा जो वार्धक्यातील प्रकार आहे, त्यात सुधारणा साधारण ७२ तासांत सुरू होते आणि बहुतेक कुत्री दोन ते तीन आठवड्यांत सावरतात. ७२ तास हा बरे होण्याचा अवधी नाही, तर सुधारणेची दिशा दिसण्याचा आहे. हा फरक घरातल्या सर्वांना समजावून सांगा. मध्यकर्ण किंवा अंतर्कर्णातील संसर्ग हे दुसरे मोठे कारण. त्यात कधी कधी त्याच बाजूची पापणी मिटत नाही, ओठ ओघळतो किंवा बाहुली लहान होऊन तिसरी पापणी (डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पातळ पडदा) वर येते. कानाचा पडदा शाबूत आहे हे पाहिल्याशिवाय घरातले कोणतेही थेंब कानात घालू नका, कारण काही औषधे आत उतरून अंतर्कर्णालाच इजा करतात. थायरॉइडची कमतरता आणि रक्तदाब हेही तपासण्यासारखे आहेत. कुत्र्यांना पक्षाघात होतो, नाही असे नाही, पण तो माणसांइतका सर्रास आढळत नाही, आणि झाला तरी अनेक कुत्री काही आठवड्यांत बरीचशी सावरतात.

स्टेरॉइडबद्दल स्पष्ट सांगतो. या वार्धक्यातील प्रकारात त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि मेंदूला सूज आणणारा आजार असेल तर पुढच्या तपासण्या त्यामुळे संदिग्ध होतात. एका इंजेक्शनाने मोठे बिघडले असे समजू नका, मात्र ते दिल्याची नोंद तुमच्या डॉक्टरांकडे असू द्या.

फेफऱ्याशी याची गल्लत होते. फेफऱ्यात बहुधा शुद्ध हरपते, अंग ताठरते आणि पाय झटके देतात; तोलाच्या आजारात कुत्रा शुद्धीवर असतो, शेपटी हलवतो. फेफरे आले तर तोंडात हात घालू नये, घड्याळ लावावे, आणि ते पाच मिनिटांपेक्षा अधिक टिकले किंवा एका दिवसात पुन्हा पुन्हा आले तर तातडीने दवाखाना गाठावा. बंड्याचे रेबीजचे लसीकरण चालू आहे ना, हेही विचारून ठेवतो. लस चुकलेल्या कुत्र्यात अशी लक्षणे दिसली तर लाळेशी संपर्क टाळून डॉक्टरांना आधी तसे सांगणे आवश्यक असते.

तिसरा मजला यांचे उत्तर:

थोडक्यात एक भर. आमच्या कुत्रीला पोटाच्या तक्रारीसाठी मेट्रोनिडाझोल सुरू होते आणि गोळ्या ठरल्यापेक्षा बऱ्याच अधिक दिवस दिल्या गेल्या (चूक आमचीच). तिचाही तोल असाच गेला. औषध बंद केल्यावर आठवड्याभरात ती ठीक झाली. गेल्या महिन्याभरात बंड्याला दिलेल्या प्रत्येक औषधाची यादी डॉक्टरांना दाखवा, कानाचे थेंबही त्यात धरा.

उत्तररात्र यांचे उत्तर:

वरच्या उत्तरांशी माझे भांडण नाही, पण दुसरी बाजूही इथे नोंदलेली असावी असे वाटते.

आमच्या काळूलाही ‘७२ तास थांबा’ असेच सांगितले होते. चौथ्या दिवशी तो थोडा सुधारला, आणि त्या थोडक्या सुधारणेला धरून आम्ही सात आठवडे काढले. उजवा पुढचा पंजा तो उलटा टेकत होता हे मला दिसत होते, पण डॉक्टरांना सांगितले नाही, कारण उत्तर ऐकायचे नव्हते. पुढे एमआरआय केला तेव्हा मस्तिष्कस्तंभाजवळ गाठ निघाली. शेवटचे दहा दिवस त्याला अन्न गिळताना ठसका लागत होता आणि तो रात्रभर जागा असे. त्याला आम्ही निरोप दिला त्याचे मला दुःख आहे, अपराधीपणा मात्र त्या दहा दिवसांचा आहे.

म्हणून थांबा, पण कशाची वाट पाहत आहात ते आधी ठरवून थांबा. आज, मन थोडे शांत असताना, बाबांसोबत बसून लिहून काढा: तो स्वतःहून पाणी पितो का, सलग झोप लागते का, तुम्हाला पाहून शेपटी हलते का, आणि कालच्यापेक्षा आज काही नवे बिघडले आहे का. यांतील किती गोष्टी किती दिवस नसल्या तर पुढचा विचार करायचा, तेही आत्ताच ठरवा. बाबांना निर्दय समजू नका; त्यांना बंड्याचे हाल बघवत नाहीत, तुम्हाला त्याचे नसणे कल्पवत नाही, आणि दोघेही त्याच्याबद्दलच बोलत आहात. एमआरआयसाठी पूर्ण भूल द्यावी लागते, या वयात तो निर्णयही सोपा नसतो. जर निष्कर्ष काहीही आला तरी तुम्ही शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करणार नसाल, तर त्या तपासणीतून नेमके काय हाती लागेल हे डॉक्टरांना सरळ विचारा.

ओसरी:

सर्वांचे आभार. आज पाचवा दिवस आहे. लसीकरण वेळेवर झालेले आहे, आणि गेल्या महिन्यात सांधेदुखीच्या गोळ्यांखेरीज कोणतेही औषध दिलेले नव्हते.

डोळ्यांचे झटके दुसऱ्या दिवशी ३० सेकंदांत ३८ होते, काल रात्री ११, आज सकाळी नीट पाहिले तरच दिसतात. काल संध्याकाळी त्याने भिंतीला उजवी बाजू टेकवली, चारही पाय रुंद रोवले आणि भांड्यातले पाणी स्वतः प्यायले. निम्मे बाहेर सांडले आणि शेवटी तो त्यातच बसला. पाणी पुसायला बाबाच आले. झोळीचे एक टोक तेव्हापासून तेच धरतात, आणि यादी आम्ही दोघांनी मिळून लिहिली आहे. त्यात त्यांनी ‘दाराची घंटा वाजल्यावर मान वर करतो का’ हे स्वतःच्या अक्षरात वाढवले.

पंजा उलटा टेकवून पाहिला. पुढचे दोन्ही पाय लगेच सरळ होतात, मागचा डावा किंचित सावकाश. तो जुन्या सांध्यामुळे असेल की काळजीचे आहे, हे मला कळत नाही. डोके अजून कललेलेच आहे. रक्तातील थायरॉइडची तपासणी आत्ताच करून घ्यावी का?

श्वानवैद्य:

डोळ्यांची गती उतरणे आणि स्वतःहून पाणी पिणे, दोन्ही चांगली चिन्हे आहेत. मागचा पाय मात्र गृहीत धरू नका. घरी परीक्षा घेताना कुत्र्याचे वजन नीट पेलले नाही तर सांधेदुखीचा कुत्राही उशीर करतो. डॉक्टरांनी पोटाखाली हात देऊन केलेली तपासणी अधिक भरवशाची. त्याला चालताना आणि वळताना चित्रित करा आणि उद्याच दाखवा. पुढचा आठवडाभर तो उशीर तेवढाच राहिला किंवा कमी झाला तर थांबता येईल, वाढला तर पुढच्या तपासणीचा विषय काढावा लागेल.

थायरॉइडबाबत घाई नको. कोणत्याही तीव्र आजारपणात टी-४ची (थायरॉइडच्या संप्रेरकाची) पातळी तात्पुरती खाली येऊ शकते आणि नसलेला दोष दिसतो; तुमच्याकडे तर स्टेरॉइडही दिले गेले आहे आणि त्यानेही ती घटते. तीन-चार आठवड्यांनी, तो स्थिर झाल्यावर, टी-४ आणि टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) दोन्ही एकत्र करून घ्या.