पायथन रेजेक्स: 'चादर' शोधलं की 'चादरी'ला जुळतं, 'चादरी' शोधलं की काहीच सापडत नाही

मंडळी, मदत हवी आहे.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं चादरी-टॉवेलचं युनिट आहे. व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर मराठीत येतात: "५० चादरी, टॉवेल १० डझन, परवापर्यंत पाठवा". त्यातून माल आणि नग वेगळे काढणारी पायथन स्क्रिप्ट लिहितोय, रेजेक्स (मजकुरात ठरावीक नमुना म्हणजे पॅटर्न शोधायची पद्धत) वापरून.

आकड्यांची तक्रार नाही. बॅकस्लॅश डी देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही आकडे पकडतो, मजकुराची संख्या करणाऱ्या इंटलाही '५०' चालतं. गाडं अडलंय शब्दांवर. पूर्ण शब्दच जुळावा म्हणून दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश बी (शब्दाची हद्द) लावलाय. तरी 'चादर' हा पॅटर्न 'चादरी'च्या आत जुळतो, आणि 'चादरी' हा पॅटर्न वरच्या ओळीत जुळतच नाही. शब्द डोळ्यांसमोर आहे! स्ट्रिंगच्या (कोडमधल्या मजकुराच्या) आधी आर आहे, म्हणजे बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो, त्यामुळे बीचा बॅकस्पेस झालाय असंही नाही. इंग्रजी शब्दांवर हाच कोड बिनचूक चालतो. बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस (शब्दात येणारी सलग अक्षरं) 'सोलापूर'वर चालवलं तर स, ल, प, र असे चार तुकडे मिळतात. दुखणं इथंच असावं. ऑर्डर चुकीची वाचली तर गाडीत भलताच माल चढेल, म्हणून अंदाजपंचे काही करायचं नाही. कुणी हे सोडवलंय का?

प्रतिसाद:

दादा, दुखणं तिथंच आहे. पायथनचं नेहमीचं आरई मॉड्यूल काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना शब्दाचा भाग धरत नाही. त्यामुळे र आणि वेलांटी यांच्यामध्ये त्याला शब्दाची हद्द दिसते. वेलांटी आणि स्वल्पविराम दोन्ही त्याच्या लेखी शब्दाबाहेरचे, म्हणून त्यांच्यामध्ये दिसत नाही.

पिपने (पायथनची मॉड्यूलं बसवणाऱ्या साधनाने) 'रेजेक्स' हे वेगळं मॉड्यूल टाकलं तर हे सुटतं. पण तुमच्या कामाला मी बी काढूनच टाकेन. शब्दाआधी (?<!…) आणि नंतर (?!…) लावा, म्हणजे 'याच्या आधी हे नको' आणि 'याच्या नंतर हे नको'. आत चौकटी कंसात, संगणकातल्या अक्षरांच्या यादीतल्या देवनागरीच्या सलग १२८ जागांची रेंज द्या. मात्र आधीच्या रेंजमधून ० ते ९ वगळा. व्यापारी घाईत '५०चादरी' असं चिकटवून लिहितात, आणि आकडे त्याच १२८ जागांत असल्यामुळे ती ऑर्डर निसटेल. रेजेक्स मॉड्यूलच्या बीलाही ती सापडणार नाही.

रंगही शोधणार असाल तर 'पांढऱ्या' तपासा. काही कीबोर्ड तिथं ऱ टाकतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं चिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पॅटर्नला वेगळे. शोधण्याआधी रिप्लेसने एकच रूप करून घ्या.