अमेरिकेतली जेडी : फी कोण भरतं आणि सवलत कुणाला मिळते?

शब्दवेल :
अमेरिकेत वकील व्हायचं तर आधी चार वर्षांची पदवी, मग तीन वर्षांची जेडी, म्हणजे ज्युरिस डॉक्टर. नावात डॉक्टर असला तरी प्रबंध वगैरे नाही. १९६० च्या दशकापर्यंत तिथेही बहुतेक ठिकाणी याला एलएलबीच म्हणत. नामांकित खाजगी विद्यापीठांत नुसती फी आता वर्षाला ७५ हजार डॉलरच्या वर गेली आहे.

भाचीला प्रवेश मिळाला तेव्हा आर्थिक मदतीचं पत्र आम्ही दोघींनी मिळून वाचलं. 'मदत' या एकाच मथळ्याखाली शिष्यवृत्तीही आणि कर्जही, आणि खाली दोन्हींची भली मोठी बेरीज. तिने पेनने कर्जाची ओळ खोडली. उरलं ते खर्चाच्या पाचव्या हिश्शाहून कमी.

माझ्या मते वर्गात कोण दिसणार हे प्रवेशाच्या नियमांपेक्षा शिष्यवृत्तीच्या वाटपावर जास्त ठरतं. कायद्याच्या कॉलेजांच्या क्रमवारीत एलएसएटी या प्रवेशपरीक्षेतल्या गुणांचा मध्यांक धरतात, म्हणून कॉलेजं जास्त गुणवाल्यांना सवलत देऊन ओढतात. ते गुण मिळवणं कुणाला सोपं? ज्यांना महागडी शिकवणी आणि नोकरीविना सहा महिने अभ्यास परवडतो त्यांना. बाकीचे पूर्ण फी भरतात, तीही कर्ज काढून. गरिबाच्या कर्जावर सधनाची सवलत चालते, हे मला अन्यायाचं वाटतं.

उत्तरायण :
असहमत. गुणांवर सवलत द्यायची नाही, तर कशावर द्यायची? शिवाय मोठ्या फर्ममध्ये पहिल्याच वर्षी सव्वादोन लाख डॉलर पगार मिळतो. सरकारी किंवा सेवाभावी संस्थेत गेलात तर २००७ च्या कायद्याने १२० हप्त्यांनंतर उरलेलं सरकारी कर्ज माफ. येल विद्यापीठाच्या कायदा शाखेने २०२२ मध्ये सर्वांत कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांची फी पूर्ण माफ केली. हे का सांगत नाही?

चांदणं :
उत्तरायण, तो पगार मोजक्यांचा. नव्या वकिलांच्या पगाराच्या आलेखाला दोन उंचवटे असतात, आणि बरेच जण खालच्या उंचवट्यावर असतात. सरासरी ज्या आकड्यावर पडते, त्या पगाराचे लोक फार थोडे.

पाटीपेन्सिल :
मी शब्दवेल यांच्या विरुद्ध बाजूने लिहितो. फीला दोष देऊन मुख्य मुद्दा निसटतोय. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये प्रस्ताव २०९ मंजूर केला आणि सरकारी विद्यापीठांत वंश लक्षात घेऊन प्रवेश देणं थांबलं. १९९७ मध्ये बर्कलेच्या कायदा शाखेत पहिल्या वर्षाला एकच कृष्णवर्णीय विद्यार्थी होता, आणि त्यालाही प्रवेश आधीच्या वर्षीच मिळालेला होता. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर तेच केलं. त्या निकालानंतरच्या पहिल्या तुकडीत, २०२४ मध्ये, हार्वर्डच्या कायदा शाखेत कृष्णवर्णीय विद्यार्थी ४३ वरून १९ वर आले. एका वर्षात हे फीमुळे झालं, असं म्हणता येईल का?

शब्दवेल :
नाही म्हणता येणार. 'नियमांपेक्षा जास्त' हे शब्द मी मागे घेते. पण दार उघडलं तरी आत आलेला माणूस किती कर्ज घेऊन बाहेर पडतो, तेही बघायला हवं. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. ७५ हजार गुणिले तीन करून पाहा, राहणं-खाणं सोडूनच द्या.

उत्तरायण :
मर्यादा चांगलीच आहे. हवं तेवढं कर्ज मिळत होतं म्हणून तर कॉलेजं फी वाढवत गेली. आता त्यांना हात आखडता घ्यावा लागेल.

चांदणं :
घेतील तेव्हा घेतील. तोपर्यंत वरचे पैसे खाजगी बँकेकडून, आणि तिथे बहुधा जामीनदार मागतात. ज्याच्या घरात जामीन राहण्यासारखं कुणी नाही, त्याचं नाव यादीतून तिथेच गळतं.

शब्दवेल :
एक राहिलंच. भाचीच्या शिष्यवृत्तीला अट होती : पहिल्या वर्षी ठरावीक ग्रेड टिकवायची. पण तिथे ग्रेड वर्गातल्या क्रमावर बेतलेल्या, त्यामुळे काहींची शिष्यवृत्ती जाणार हे आधीच ठरलेलं. गेल्या वर्षी किती जणांची गेली, हा आकडा मान्यताप्राप्त कॉलेजांना दरवर्षी जाहीर करावा लागतो. आम्ही तो शोधून काढला आणि मग तिने दुसऱ्या, बिनअटीच्या कॉलेजला होकार कळवला.