खुराड्यातली दादागिरी आणि टोचून घायाळ झालेल्या कोंबड्या : अनुभव सांगा

परसात कोंबड्या पाळणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. सगळ्या मिळून एकीच्या मागे लागतात, ती कोपऱ्यात डोकं खुपसून बसते, आणि संध्याकाळी खुराडं लावायला जावं तर तिच्या पाठीवर रुपयाएवढी जागा सोललेली. यंदा मुळशीकडच्या पावसात आमच्या कोंबड्या दिवसचे दिवस आतच होत्या, त्यात बाजारातून आणलेल्या नव्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. त्यातल्या एका राखाडी तलंगेला शेपटीच्या वर चांगलंच फाडलं.

वेगळी ठेवली, मीठपाण्याने धुतली, जखम भरत आली. आता पिसांचे खुंटही दिसतायत. अडलंय ते पुढे. बाहेर सोडली की दाणे टाकायच्या आत परत तेच सुरू. तेव्हा बरी झालेली कोंबडी तुम्ही परत इतरांत कशी मिसळवलीत, मिसळलीच का, ते सविस्तर लिहा. जखमेचे किस्सेही येऊ द्यात. सगळ्यांच्याच उपयोगाचे आहेत.

माजघर (गुहागर)

आमच्याकडे पावसाळ्यात जखमेपेक्षा माशीची भीती जास्त. एक तांबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसली होती. एकवीस दिवस अंड्यांवरून दाण्यापुरती उठायची, तुरा फिका पडलेला, अंग उतरलेलं. पिल्लं निघाली ती मुंगसाने नेली. मग ही एकटीच परत आली, तर बाकीच्यांनी ओळखच दाखवली नाही. मागच्या बाजूला टोचून टोचून भोक पाडलं. पिसं चिकटलेली होती म्हणून वरून काही दिसेना, वासावरून कळलं. आळ्या.

पत्र्याखाली बसून काढल्या. नवऱ्याच्या हातात मोबाईलची बॅटरी, कोंबडी जुन्या पंचात गुंडाळून माझ्या मांडीवर. डोकं झाकलं की कोंबडी गप्प राहते. पिसं कातरून घेतली, सुई काढलेल्या सिरिंजने कोमट मीठपाणी मारलं की आळ्या वळवळत तोंडाशी येतात, मग चिमट्याने एकेक उचलायची. झालं असं वाटलं तरी दुसऱ्या दिवशी परत बघायचंच, बारक्या आत राहिलेल्या असतात. शेजारच्यांनी टर्पेंटाइन आणून दिलं होतं. गुरांच्या जखमेला लावतात, मान्य, पण कोंबडीची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा. डॉक्टरांनी साफ नको सांगितलं आणि पोटात द्यायचं औषध दिलं.

पुढे पडवीत डालग्याखाली ठेवली, वरून मच्छरदाणी. खाली तूस-पेंढा न घालता जुनी वर्तमानपत्रं, म्हणजे जखमेला काही चिकटत नाही आणि शीट कशी होतेय तेही दिसतं. सासूबाईंचं म्हणणं हळद-खोबरेल लावावं. हळदीला माझी ना नाही, पण तेलाने भोवतालची पिसं चिपचिपतात आणि सगळी माती तिथेच बसते. खायला कणीचा मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून, आणि सुकट धुऊन, म्हणजे खार निघतो, भाजून पूड करून. कोंबडीला अंडं म्हटल्यावर लोक तोंड वाकडं करतात. तिची काही तक्रार नव्हती.

तांबडा_पांढरा (कोल्हापूर)

एवढी उठाठेव? आमच्यात असली कोंबडी रविवारपातूर टिकत न्हाई.

चेष्टा सोडा. घरात असील, म्हंजे झुंजीच्या जातीच्या, आहेत, त्यामुळं भांडणं रोजचीच. कोंबडे भांडतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण असीलच्या माद्या बी काय कमी न्हाईत. दोघी भिडल्या की रक्त निघाल्याबिगर मागं सरत न्हाईत. त्यांना एका खुराड्यात कोंबून ‘शिकतील मिळून राहायला’ म्हणणाऱ्यानं आधी आपल्या भावकीकडं बघावं. आम्ही मधी जाळी मारून कप्पेच केलेत. आन् एक, अँटिबायोटिक चालू असलेल्या कोंबडीची अंडी खाऊ नका, रस्सा तर न्हाईच. किती दिवस थांबायचं ते औषधागणिक वेगळं असतंय, डॉक्टरला इचारा.

दावणीवरून (निवृत्त पशुधन पर्यवेक्षक)

माजघर यांनी केलं ते योग्यच. थोडी भर घालतो, कारण दवाखान्यात लोक जखम घेऊन यायचे आणि कारण घरी ठेवून यायचे.

कोंबडीला रंग चांगले कळतात आणि लाल दिसलं की चोच आपोआप जाते. एकीने थेंबभर रक्त काढलं की बाकीच्या सुरू होतात, मग अगदी गरीब स्वभावाची कोंबडीसुद्धा मागे राहत नाही. म्हणून जखमी कोंबडी दिसताक्षणी बाजूला. जांभळं औषध, जेंशियन व्हायोलेट, पूर्वी सर्रास लावायचे ते एवढ्यासाठीच की लाली झाकली जाते. आता पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून वापरा. माणसांची बधिर करणारी मलमं, ज्यांच्या नावात शेवटी ‘केन’ येतं ती, पक्ष्यांना लावू नका, विषारी ठरू शकतात.

दोन गोष्टींनी लोक उगाच घाबरतात. एक, मार लागलेली कातडी एक-दोन दिवसांत हिरवी दिसते. ती सडलेली नसते. आपलं काळंनिळं होतं तसं कोंबडीचं हिरवं होतं, तुटलेल्या रक्ताचं हिरवं द्रव्य पक्ष्यांच्या शरीरात पुढे पिवळं होत नाही म्हणून. काळी पडली, गार लागली, घाण वास आला तर मात्र दवाखाना गाठा. दुसरं, कोंबडीचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट गोळा असतो. तो गाठीसारखा लागला तर घरी ब्लेड चालवू नका. आणि जखमेवर येणारा पिवळसर ओला पापुद्रा म्हणजे पू नव्हे, त्याखालीच नवी कातडी धरत असते. तो रोज खरवडून काढणारे महाभाग मी पाहिलेत.

मलूल कोंबडीच्या घशात चमच्याने पाणी ओतू नये. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला थेंब लावायचा, ती स्वतः गिळते. गूळपाणी पहिल्या दिवशी ठीक. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी चाचपा, भरलेली हवी; सकाळी रिकामी हवी. तसं नसेल तर जखम सोडून दुसरं काही बिनसलंय.

आता कारणं. दाटी, फार प्रखर उजेड, उन्हाळा, अंडी घालायला आडोसा नसणं. गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर तूस-भुशाचा थर घालून पाळताना, मोठ्या कोंबडीला निदान २ चौरस फूट धरतात. पावसात दिवसभर आत राहणार असतील तर त्याच्या दुप्पट द्या. आणि खाद्य. नुसता मका-तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना प्रथिनं कमी पडतात, त्यातही मेथिओनिन हा प्रथिनांमधला घटक, आणि पिसं बनतात ती त्यावरच. मग त्या दुसरीची पिसं उपटून खातात. मीठ कमी पडलं तरी हेच. पिसं उपटून गिळताना दिसल्या तर आधी दाण्याचं पोतं बघा, मग कोंबडीला नावं ठेवा.

राहिलं पुन्हा मिसळवणं. कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड असते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या सुमारास नोंदून दाखवलं. ते लहानपणापासून कोंबड्या बघत आले होते. बाहेर काढलेली कोंबडी काही दिवसांनी परत आली की तिची जागा गेलेली असते, पुन्हा तळापासून सुरुवात. म्हणून जखमी कोंबडी घरात, नजरेआड ठेवू नका. आळ्यांची भीती नसेल तर खुराड्यातच जाळीचा कप्पा करा, जाळीच्या दोन्ही अंगांना दाण्याची भांडी समोरासमोर ठेवा. नव्या पिसांचे खुंट रक्ताने भरलेले असतात, ते फुटून पिसं उलगडेपर्यंत सोडायची घाई करू नका. धागाकर्त्याची तलंग इथेच अडली असावी.

बांधावरची (सिन्नर)

आमच्या कोंबडीला कोंबड्याने सोललं होतं, बाकीच्या नंतर तुटून पडल्या. त्याची आवडती होती ती, तिच्याच पाठीवर सारखा. पंखांच्या मुळाशी दोन्हीकडे त्याच्या नखांचे ओरखडे, मधला भाग उघडा. जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा कापला, मानेकडून शेपटीपर्यंत पुरेल एवढा, दोन्ही बाजूंना रुंद इलॅस्टिक शिवलं आणि पंखांखालून घेऊन पाठीवर खोगीर चढवलं. जखम ओली असताना नाही, खपली धरल्यावर. पहिल्या दिवशी दारू प्यायल्यासारखी मागे मागे चालत होती. मग विसरली. पाऊस लागला की काढून वाळवायचं, नाहीतर खाली कुजतं आणि उवा होतात. पिसं पूर्ण आली.

कोंबडे दोन होते, एक पाहुण्यांना दिला. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरे.

साताऱ्याचा_साहेब (इंग्लंड)

इथे पिंजऱ्यातून सुटलेल्या कोंबड्या दत्तक घेता येतात. साध्या बॅटरी पिंजऱ्यांवर, म्हणजे ओळीने रचलेल्या अरुंद तारेच्या पिंजऱ्यांवर, २०१२ पासून बंदी आहे, पण सुधारित म्हणवले जाणारे मोठे पिंजरे राहिले. अंडी कमी होऊ लागली की दीड वर्षाच्या कोंबड्या निकालात निघतात, त्यातल्या काही संस्था वाचवून वाटतात. आमच्याकडे आल्या त्यांतल्या एकीच्या मानेवर पीस नव्हतं. तिला गवत म्हणजे काय ते माहीत नव्हतं, दांडीवर बसता येत नव्हतं, आणि घरच्या जुन्या कोंबड्यांनी पहिल्याच सकाळी तिचा तुरा फोडला. तुऱ्याचं रक्त बघून बायको रडायलाच लागली. तुरा फुटला की रक्त फार येतं. स्वच्छ फडक्याने दाबून धरलं की थांबतं, आम्ही वर कॉर्नफ्लोअर चेपलं.

रात्री अंधारात दांडीवर गुपचूप बसवा, सकाळी सगळ्या एकत्र उठतील, हा सल्ला इथेही सगळे देतात. आमच्याकडे उजाडल्या उजाडल्या कत्तल. उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा: बागेची जागाच बदलली. सगळ्यांना एकदम कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या कोपऱ्यात नेलं, कोबीचा गड्डा दोरीने टांगला, लाकडं आणि एक मोडकी खुर्ची आडोशाला टाकली. मार चुकवायला जागा असली की अर्धा मार वाचतो.

एक गंमत. कणीचा भात, उकडलेलं अंडं वाचून पोटात तुटलं. इथे स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही कोंबड्यांना घालणं बेकायदा आहे, उरलेली पोळीसुद्धा. वीगन घर असेल तरच सूट. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग पाळता कशाला?

मोरचूद (बार्शी)

सगळे जखमी कोंबडीला कोंडतायत. मारणारीला कोंडा की.

आमच्यात एक वनराज जातीची थोराड होती, बाकीच्या सगळ्या गावरान, अंगाने निम्म्या. खोड काढणारी बहुतेक वेळा एकच असते, बाकीच्या तिच्या मागून येतात. ती ओळखायला दाणे टाकल्यावर लांब बसून बघा. जी खायचं सोडून दुसरीला हाकलायला धावते, तीच. तिला उचलून लांबच्या गोठ्यात डालली, दिसायची नाही अशी. इकडे जखमी कोंबडी दुसऱ्या एका गरीब कोंबडीबरोबर आधी सोडली, दोघींची जोडी जमली, मग एकेक करून बाकीच्या. थोराडीला परत आणली तोवर तिचीच जागा गेलेली. दोन दिवस तिनेच टोचा खाल्ल्या. नंतर एकदाही रक्त निघालं नाही.

मात्र दाण्याची आणि पाण्याची भांडी वाढवावी लागली. एकच भांडं असलं की थोराड तिथे ठाण मांडून बसते. आता तीन ठिकाणी ठेवतो, एक बाजेखाली, तिथे तिला वाकून शिरता येत नाही.