पुण्याहून जूनमध्ये कुणी येतंय का? (मृणालची माती)

प्रेषक: शुभदा, चँडलर

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून फीनिक्सला कुणी परत येणार आहे का? माझी भाची मृणाल (टूसॉनची, पाडव्याला निवेदन केलं होतं ती) हिच्या पीएचडीसाठी मातीचे नमुने आणायचे आहेत. बारा पिशव्या, सगळं मिळून दोन-सव्वादोन किलो. माती वाळवून, चाळून, झिपलॉकमध्ये भरून दहिवडीला दादाकडे ठेवली आहे. ओल नाही, वास नाही. दादा पुण्यात सांगाल तिथे आणून देईल.

ऑगस्टमध्ये तिच्या कमिटीची बैठक आहे, त्याआधी माती हातात हवी. ढोल आणायच्या वेळी सगळ्यांनी बॅगेत जागा काढली होती, तशी आताही काढाल याची खात्री आहे.

शुभदा

प्रेषक: संदीप, गिल्बर्ट

शुभदाताई, मी १७ जूनला निघतोय. माझ्याकडे दोन बॅगा आहेत, परतताना एक अर्धी रिकामीच असते. दोन किलो सहज मावतील. पिशव्यांवर मुलतानी माती असं लिहून द्या म्हणजे झालं. मी गेली कित्येक वर्षं लोणची, मसाले, हळद आणतो, आजवर कुणी बॅग उघडलेली नाही. दादांना सांगा, कोथरूडला आणून द्या.

प्रेषक: अश्विनी, टूसॉन

संदीप, असं अजिबात करू नकोस. शुभदाताई, तुम्हीही दादांना थांबायला सांगा.

मी मातीच्या प्रयोगशाळेत काम करते म्हणून हे रोजचं आहे. परदेशातली माती अमेरिकेत आणायला इथल्या शेती खात्याच्या एफिस (APHIS) या विभागाचा परवाना लागतो. तो माणसाच्या बॅगेला मिळत नाही. जिथे माती जाणार त्या प्रयोगशाळेची व्यवस्था बघून मिळतो: माती कुठे ठेवणार, कोण हाताळणार, काम झाल्यावर उरलेली माती आणि धुतलेलं पाणी कसं निर्जंतुक करणार. मातीबरोबर सूत्रकृमी येतात, बुरशी येते, तणांचं बी येतं. टूसॉनभोवतीच्या डोंगरांवर बफेलग्रास काय करतंय ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. चाऱ्यासाठी मुद्दाम आणलेलं गवत, आणि आज त्याच्या वणव्यात सग्वारो निवडुंग जळतात.

कस्टम्सच्या फॉर्मवर माती आणली आहे का आणि शेतावर गेला होतात का, हे स्पष्ट विचारलेलं असायचं. आता कागदी फॉर्म बहुतेकांना भरावा लागत नाही, पण नियम तोच आहे. न सांगता आणलेलं सापडलं तर दंड होतो आणि ग्लोबल एन्ट्री (विमानतळावर झटपट प्रवेशाची सोय) जाते. आमच्या एका नातेवाइकांची साध्या कढीपत्त्यावरून गेली. पिशवीवर खोटं नाव लिहिणं तर आणखी गंभीर. आणि मृणाल इथे एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे. पिशव्यांवर गावांची नावं आणि गट नंबर असतील ते तिच्याच प्रबंधाचे. संदीपला दंड होईल, तिचं सगळं शिक्षण पणाला लागेल.

अश्विनी

प्रेषक: मकरंद (मूर्ती समिती)

अश्विनी, मृणालबद्दल तुमचं म्हणणं योग्य असेल, पण "माती आणता येत नाही" असं सरसकट मंडळाच्या मेल-यादीवर लिहू नका. गेल्या गणपतीच्या आधी अशाच एका मेलवरून तीन कुटुंबांनी पेणच्या मूर्तीची मागणी मागे घेतली होती. शाडूच्या मूर्ती आपण रीतसर जाहीर करून आणतो. अधिकारी बघतात, विचारतात, सोडतात. मूर्तीबद्दल काही शंका असेल तर समितीला विचारायचं, हे सर्वसाधारण सभेत ठरलेलं आहे.

मकरंद

प्रेषक: अश्विनी, टूसॉन

मकरंद, मूर्तीबद्दल मी काहीच लिहिलेलं नाही. शाडू ही निव्वळ खनिज माती आहे. त्यात कुजलेला पाला, मुळं, सेंद्रिय काही नसतं. एफिसचा मुख्य आक्षेप ज्यात झाडं उगवतात त्या मातीला आहे. जाहीर करून आणता ते योग्यच आहे, तसंच चालू ठेवा. शेतातली माती मात्र शेतातलीच, मग ती कितीही वाळवली-चाळली तरी.

प्रेषक: नाना, मेसा

मंडळींनो, परवाना वगैरे तुम्ही बघा. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो मी मनापासून विचारतो.

माणदेशाच्या मातीचा अभ्यास करायला अमेरिकेत कशाला यायचं? मी म्हसवडचा. बहात्तरच्या दुष्काळात मी दहावीत होतो. आई आणि थोरला भाऊ रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, मी सुट्टीच्या दिवशी जायचो. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. त्या भाकरीला चिकटपणाच नव्हता, थापताना तुटायची, आई पाण्याचा हात लावून लावून सांधायची. राजेवाडीचा तलावसुद्धा इंग्रजांच्या काळात दुष्काळी काम म्हणूनच बांधलेला. दुष्काळ काय असतो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन स्वातंत्र्याच्या आधीपासून चाललंय. मोहोळची मालदांडी ज्वारी तिथल्या शेतकऱ्याच्या घराघरात आहे. जोधपूरला काझरी ही कोरड्या प्रदेशाच्या संशोधनाची संस्था १९५९पासून आहे, हैदराबादजवळ कोरडवाहू पिकांची इक्रिसॅट १९७२पासून. बारामतीजवळ माळेगावला केंद्र सरकारची वेगळी संस्था निघाली. राहुरीचं विद्यापीठ आहे. एवढं सगळं असताना आपल्या पोरीला आपल्याच गावच्या मातीसाठी कस्टम्सच्या दारात उभं राहायला का लागावं? टूसॉनच्या वाळवंटाला माणचं काय कळणार?

मृणाल, बेटा, राग मानू नकोस. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

नाना

प्रेषक: मृणाल, टूसॉन

सगळ्यांना नमस्कार,

आत्यानं प्रेमापोटी मेल टाकली. मी तेव्हा टूम्बस्टोनजवळ फील्डवर होते, आत्ता वाचलं. संदीपदादा, माती कुणीही आणायची नाही. अश्विनीताईंनी लिहिलंय ते शब्द न् शब्द खरं आहे.

आमच्या प्रयोगशाळेचा परवान्याचा अर्ज गेलाय. तो मिळाला की बारापैकी फक्त चार नमुने, प्रत्येकी मूठभर, परवान्याचं लेबल लावून कुरियरनं थेट प्रयोगशाळेत येतील. ते चिकणमातीतली खनिजं ओळखण्यासाठी, एक्स-रेखाली. सेंद्रिय कर्ब, पोत, पाणी धरून ठेवण्याची क्षमता या चाचण्या महाराष्ट्रातच होतील, त्यासाठी माती समुद्रापार न्यायची गरज नाही. मातीतले सूक्ष्मजीव मी अभ्यासात घेतलेलेच नाहीत. ते घेतले असते तर २००२च्या जैवविविधता कायद्याचा प्रश्न आला असता. त्या कायद्यात आयकराच्या व्याख्येनं अनिवासी ठरलेल्या भारतीय नागरिकालाही संशोधनासाठी जैविक सामग्री घ्यायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. माण काय किंवा दुसरी कुठली जागा काय, तिथून काही उचलायचं तर विचारूनच उचललं पाहिजे असं मलाही वाटतं.

आता नाना, तुमचा प्रश्न. राग कसला, माझ्या आजीनंही हेच विचारलं होतं.

मी राहुरीलाच एम.एस्सी. केलं. तिथे मला माती शिकायला मिळाली. पण माझा प्रश्न एकट्या मातीचा नाही. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वर्षांत, २०१६ ते २०१९, आपल्या तालुक्यांत लोकांनी श्रमदान करून डोंगरउतारावर सलग समतल चर खणले. मी त्यातल्या काही चरांच्या तळाशी बसून पाणी मुरण्याचा वेग मोजला. लोखंडी दुहेरी कडं ठोकायचं, पाणी भरायचं, घड्याळ लावायचं. वर मुरमाड माळ, तिथे पाणी भराभर जातं. चराच्या तळाला मात्र गाळाची सपाट पापडी बसली आहे, अंगठ्याएवढी जाड, आणि त्यावर पाणी नुसतं उभं राहतं. काही गावांनी गाळ काढला, काहींनी नाही. का नाही काढला? ज्याच्या रानात चर आहे त्याला फायदा नाही, खालच्याच्या विहिरीला आहे. ही माती, पाणी, कायदा आणि गावकी यांची एकत्र गुंतागुंत आहे. युनिव्हर्सिटी ऑफ अ‍ॅरिझोनातला अ‍ॅरिड लँड्स रिसोर्स सायन्सेस हा आंतरशाखीय कार्यक्रम आहे. माझ्या कमिटीत मातीचे, पाण्याचे आणि धोरणाचे असे वेगवेगळ्या विभागांचे प्राध्यापक आहेत. मुख्य विषयाबरोबर मायनर, म्हणजे दुय्यम विषय घ्यावाच लागतो, मी जलविज्ञान घेतलं. मला हेच हवं होतं.

दुसरं म्हणजे मोजमाप. टूसॉनच्या ट्युमामॉक टेकडीवर १९०३मध्ये वाळवंटी वनस्पतींची प्रयोगशाळा सुरू झाली, आणि १९०६पासून आखून ठेवलेल्या जागांवरची झाडं आजही मोजली जातात. टूम्बस्टोनजवळचं वॉलनट गल्च हे पाणलोट क्षेत्र १९५३पासून मोजतायत, साधारण दीडशे चौरस किलोमीटरमध्ये ऐंशीच्या वर पर्जन्यमापकं. तिथला सुमारे दोन तृतीयांश पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये, वळवासारखा, एका शिवारात धो धो आणि शेजारच्या शिवारात कोरडं. माझ्या प्रश्नाला हीच सवय लागते. आपल्या एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी काढली तर माणमधल्या शेतकऱ्याला तिचा काहीही उपयोग नाही.

आणि कायदा. अ‍ॅरिझोनानं १९८०मध्ये भूजलाचा कायदा केला. ठरवून दिलेल्या क्षेत्रांत नवीन जमीन ओलिताखाली आणायला बंदी, मोठ्या विहिरींना मीटर. पण त्या क्षेत्रांबाहेर ग्रामीण भागात बराच काळ जवळपास मोकळं रान राहिलं, आणि तिथे मोठ्या शेतांच्या खोल बोअरनी शेजारच्या घरांच्या विहिरी कोरड्या पडल्या. आपला महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९चा, लागू २०१४पासून. कागदावर चांगला आहे. हिवरेबाजारनं मात्र शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, असं स्वतःच ठरवलं आणि पाळलं. सरकारचा मीटर आणि गावाचा शब्द, यातलं काय कुठे टिकतं हे मला शोधायचंय. त्यासाठी दोन्ही मुलूख बघावे लागतात.

नाना, बहात्तरबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला नीट ऐकायचंय. मेसाला येऊन रेकॉर्ड केलं तर चालेल का?

आणि संदीपदादा, एक खरं काम आहे. दहिवडीला माझ्या तीन वह्या आहेत. एका गावातल्या निवृत्त गुरुजींनी दर अमावस्येला विहिरीचं पाणी किती परसावर (परस म्हणजे पुरुषभर खोली) आहे ते लिहून ठेवलंय, त्याची मी हातानं उतरवलेली नक्कल आणि त्यावर त्यांच्या दुरुस्त्या. फोटो आहेत, पण पेन्सिलीचे आकडे फोटोत नीट उठत नाहीत. त्या कुरियरनं पाठवायचा धीर होत नाही. त्या आणाल का?

मृणाल

प्रेषक: नाना, मेसा

ये. केव्हाही ये. माझ्या थोरल्या भावाला फोनवर घेऊ, त्याला मुकादमाचं नावसुद्धा आठवतं. फक्त टूसॉनहून येताना दुपारनंतर निघू नकोस. जुलैत पिकाचोपाशी धुळीचं वादळ उठतं. समोर भिंत दिसली की रस्ता सोडून बाजूला घे, दिवे बंद कर आणि ब्रेकवरचा पाय काढ. मागचा माणूस तुझे लाल दिवे बघून तुझ्यावरच येतो.

प्रेषक: वैशाली, स्कॉट्सडेल

मृणाल, आमच्या पुतण्यालाही याच विषयात यायचंय, तो अकोल्याला कृषी विद्यापीठात आहे. फीचं कसं जमवलंस? आणि उन्हाळ्याचे पैसे मिळतात का? त्याला एका ठिकाणाहून पत्र आलंय, त्यात फी माफ आणि नऊ महिन्यांचं मानधन एवढंच लिहिलंय.

प्रेषक: अश्विनी, टूसॉन

वैशाली, ते नऊ महिनेच सगळ्यात फसवे. असिस्टंटशिप शैक्षणिक वर्षाची असते, भाडं मात्र बारा महिन्यांचं. पत्रात उन्हाळ्याचा उल्लेख नसेल तर तो मिळेलच असं धरून चालू नये. मार्गदर्शकाला सरळ विचारावं, लाजू नये: उन्हाळ्यात प्रकल्पातून पगार आहे का, आरोग्य विमा कोण भरतं, आणि अनुदान मधेच थांबलं तर दुसरी सोय काय. २०२५मध्ये संशोधनाची बरीच सरकारी अनुदानं थांबली, तेव्हापासून शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. आय-ट्वेंटीसाठी (व्हिसाला लागणारं विद्यापीठाचं पत्र) कमी पडणारी रक्कम स्वतःची दाखवावी लागते. जे. एन. टाटा एन्डाउमेंटचं कर्ज-शिष्यवृत्तीचं बघा. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप भारतात पीएचडीला नोंदणी असलेल्यांना सहा ते नऊ महिन्यांसाठी मिळते. अकोल्यालाच नोंदणी करून इथे तेवढं येणं, हा मार्ग पुतण्यासाठी वाईट नाही.

प्रेषक: विद्या (सचिव)

मंडळींनो, शिष्यवृत्त्यांची चर्चा पुढे न्यायची असेल तर नवीन विषय टाकून न्या, नाहीतर कुणाला सापडत नाही. मंडळाच्या शिक्षण निधीबद्दल मला दोन मेल स्वतंत्र आल्या. तो निधी इथल्या बारावीच्या मुलांसाठी आहे, पीएचडीसाठी वापरायचा तर कार्यकारिणीत ठराव लागेल. मला व्यक्तिशः तो मांडायला आवडेल. माणदेशाचा, मराठवाड्याचा दुष्काळ शिकायला येणाऱ्या मुलीला एका उन्हाळ्याचं भाडं आपण देऊ शकत नसू, तर एवढी वर्गणी कशासाठी गोळा करतो? मकरंद, तुम्ही अनुमोदन द्याल का?

विद्या

प्रेषक: मकरंद (मूर्ती समिती)

देईन. फक्त उत्सवाच्या निधीला हात न लावता.

प्रेषक: संदीप, गिल्बर्ट

मृणाल, वह्या नक्की आणतो, आणि हातातल्या बॅगेत ठेवतो, चेक-इनमध्ये नाही. तुझ्या बाबांना १५ तारखेच्या आत कोथरूडला पोचवायला सांग, १६ला मी नातेवाइकांकडे असेन. पत्ता शुभदाताईंना वेगळा पाठवतोय. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून द्या म्हणावं, तेव्हा तिकडे पाऊस सुरू झालेला असेल.