शब्दचर्चा: अ‍ॅग्रिगेशनला 'गुठळी' म्हणावं का?

दादर: अल्झायमरच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. त्यात अ‍ॅग्रिगेशन, म्हणजे प्रथिनांचे रेणू एकमेकांना चिकटून साचणं, याला शब्द हवा आहे. एक वाक्य असं झालंय: 'हळदीतलं कर्क्युमिन, ग्रीन टीमधलं ईजीसीजी आणि ई जीवनसत्त्व मेंदूतल्या प्रथिनांच्या गुठळ्या मंदावू शकतात.' चालेल?

परळ: 'गुठळी' नको. वाचकाला ती रक्ताचीच वाटते, आणि पुढचा प्रश्न येतो, मग रक्त पातळ करायची गोळी द्यायची का? 'साकळणं' त्याच कारणानं बाद. 'थिजणं'ही नाही, थिजलेलं तूप ऊब मिळाली की सुटतं, चिकटलेल्या प्रथिनांचे हे तंतू सुटत नाहीत. 'पुंजके होणं' लिहा. बीटा-अमिलॉइड या प्रथिनाचे पुंजके पेशींच्या बाहेर साचतात, टाऊ प्रथिनाचा मात्र 'गुंता' म्हणा, तो पेशीच्या आत होतो.

मुलुंड: 'विरजणं' कसं वाटतं? आधी तयार झालेला तंतू थोडासा घातला की पुढचे भराभर होतात.

परळ: उपमा जवळची आहे, पण विरजणात जिवाणू वाढतात. खडीसाखरेचा दोरा अधिक नेमका: पाकात स्फटिकाचा कण असला की त्यावर पुढचे बसत जातात.

दादर: आणि अमिलॉइडला 'पिष्टाभ'?

मुलुंड: तेवढं टाळा. १८५४ मध्ये जर्मन वैद्य फिर्को यांनी आयोडीनचा रंग पाहून हे स्टार्चसारखं द्रव्य समजून नाव दिलं. १८५९ मध्ये ते प्रथिन असल्याचं कळलं. 'पिष्टाभ' लिहून ती चूक मराठीत कशाला आणायची? अमिलॉइडच ठेवा.

परळ: खरी अडचण क्रियापदात आहे. एक तर 'मंदावणं' अकर्मक, वेग मंदावतो, कोणी तो मंदावत नाही. दुसरं, मराठीत 'शकतात' म्हटलं की सामर्थ्यही ऐकू येतं, नुसती शक्यता नाही. घरचे हळदीचा डबा उघडतील. हळदीत वजनाच्या सुमारे ३ टक्के कर्क्युमिन, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमचाभरात ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात उतरतं. शिवाय परीक्षानळीत पुंजके मोजतात ते थायोफ्लेविन-टी या रंगद्रव्याच्या चकाकीवरून. कर्क्युमिन नेमका त्याच पट्ट्यातला प्रकाश शोषतं, त्यामुळे तंतू तेवढेच असूनही चकाकी कमी दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतू पाहिल्याशिवाय 'कमी झाले' लिहू नये. ईजीसीजीला 'अडवतं'ही चुकीचं. ते रेणूंना तंतूंऐवजी वेगळ्या प्रकारच्या गोलसर पुंजक्यांकडे 'वळवतं'.

मुलुंड: ई जीवनसत्त्व त्या यादीतून काढाच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २००० युनिट घेणाऱ्या सौम्य ते मध्यम रुग्णांची रोजची कामं करण्याची क्षमता जरा हळू घटली, स्मरणशक्तीत फरक नव्हता. पुंजक्यांशी त्याचा संबंध जोडता येत नाही. आणि वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर एवढ्या मात्रेनं रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे त्याच पानावर ठळक छापा. केमिस्टकडून ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणणं फार सोपं आहे.

दादर: मग असं करते: 'परीक्षानळीतल्या प्रयोगांत कर्क्युमिन आणि ईजीसीजी घातल्यावर अमिलॉइडचे तंतू कमी बनताना दिसले. माणसांत तसं घडतं हे सिद्ध झालेलं नाही.'

परळ: हे छापा.