अनुभव : घरातलं लहानपणीच गेलेलं लेकरू तुम्हाला कसं सापडलं?

आजी सांगायची, तिला सात लेकरं. तलाठ्याकडच्या वारस नोंदीत पाचच. आमच्या देवघरात जोतिबाच्या टाकाशेजारी बोटाच्या पेराएवढा एक चांदीचा टाक आहे, घासून घासून नाकडोळे गेलेले. सगळे त्याला मुंजा म्हणतात, म्हणजे लहानपणीच गेलेला मुलगा. नाव विचारलं की आजी म्हणायची, "असू दे, आधी निवद दाखव." आता आजी नाही. कोल्हापूर भागात कुणी असा माग काढलाय का? कागद कुठं मिळाला तेही लिहा.

करवीर तालुक्यातून
2023 च्या अखेरीस सगळे कुणबी नोंदीच्या मागं लागले, तसा मीही. गाव नमुना 14, म्हणजे आपलं कोतवाल बुक, गावातल्या जन्ममृत्यूची वही. पानं पापडासारखी, हात लावला की कोपरा तुटायचा. मोडी वाचणारे काका सरसर बोट फिरवत होते, ते एका ओळीवर थांबले. पणजोबांचं नाव, पुढं "मुलगा, चार महिने, ताप". मुलाचं नावच नाही. बारसं झालं नव्हतं की लिहिणाऱ्यानं विचारलं नाही, कुणास ठाऊक. गेलो होतो जातीच्या रकान्यासाठी, फोटो काढून आणला त्या ओळीचा. एक सांगतो, मुलाच्या नावानं शोधत बसू नका, बापाच्या नावानं शोधा. आणि जुनं दप्तर असेल तर मोडीवाला सोबत न्या.

गंगावेशीतून
नावं बघा की राव! आमच्या आज्जाचं नाव दगडू, आणि म्हातारपणीबी नाकाला भोक. आधीची तीन पोरं गेली म्हणून याचं नाक टोचलं आणि दगड म्हणून वाढवला. घरात दगडू, धोंडू सापडला की त्याच्या आधी कोण गेलं ते पहिलं विचारा.

महाद्वार रोडवरून
माझी मोठी बहीण माझ्या जन्माआधी गेली, अडीच वर्षांची. एकच फोटो होता, तो ज्या ट्रंकेत होता ती मामाकडं 2019 च्या पुरात बुडाली. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, ती गेली 1975 ला, म्हणजे नोंद असायलाच हवी. पण खिडकीवरून दोनदा "आढळत नाही" ऐकून परत आले. तारीख सांगा म्हणायचे, आणि आईला तारीख आठवेना.

एकदा मेथी निवडताना आईच म्हणाली, "अंबाबाईचा किरणोत्सव बघून आलो, तर हिचं अंग तापलेलं. दुसऱ्या दिवशी गेलीच." किरणोत्सव वर्षात दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारी सरताना. मी विचारलं, दारात आकाशकंदील होता का गं? "होता की. काढायचा राहिला होता." मग नोव्हेंबरचीच पानं काढायला लावली. दहा तारखेला सापडली, नावासकट. खाली बाबांची सही. बाबांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, पण तिथं अक्षरं एकमेकांवर चढलेली.

कागलहून
सरकारी दप्तरात काही नसेल तर नाशकाला जा. गाव आणि आडनाव सांगितलं की तीर्थोपाध्ये वही काढतात. आमच्या पणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, भाऊ, मुलगे, आणि शेवटी एक नाव जे आमच्या घरात कुणी कधी घेतलं नव्हतं. त्यांच्या पुढच्या खेपेच्या पानावर बाकी सगळे आहेत, तेवढं नाव नाही.

पुन्हा मीच
नाशिकचं बघतो. मुंजाचं नाव अजून मिळालं नाही, पण दुसऱ्याबद्दल काल थोरल्या आत्याला फोन केला. दात आले नव्हते, म्हणून जाळलं नाही, मळ्यात विहिरीच्या वरच्या अंगाला पुरलं, म्हणाली. त्या कोपऱ्यात आजी कधी ऊस लावू द्यायची नाही. आम्हाला वाटायचं, तिथं पाणी चढत नाही.